पहिल्या पानावरची तीन अक्षरं

आत्या, तुझा चष्मा सापडला. तेरा दिवस आम्ही घर उलथंपालथं केलं. संतोषने दिवाणाखाली हात घालून बघितलं, मी शिलाई मशीनचे दोन्ही ड्रॉवर उपसले, आणि तो होता रेणूच्या फाईलच्या पिशवीत, पुण्याच्या एमआरआयच्या पाकिटात, शर्टाच्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेला. तुला वाचता येत नव्हतं. चष्मा लागायचा तो सुईत दोरा ओवायला. तरी दवाखान्यात जाताना तो घेतल्याशिवाय तू उंबऱ्याबाहेर पाय टाकायची नाहीस. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणालीस, चष्मा असला की डॉक्टर जरा नीट बोलत्यात.

आज तुला तू म्हणते. लग्नाआधी म्हणायचे तसं. तेव्हा तू नुसती माझी आत्या होतीस, बाबांची थोरली बहीण, सुट्टीत आली की माझ्या केसांना इतकं तेल थापायचीस की उशी खराब व्हायची. मग हळद लागली आणि सगळ्या बायका मला शिकवायला लागल्या, आता ती सासू झाली, आता अहो-जाहो करायचं. चौदा वर्षं मी तुला तुम्ही म्हणत आले. तुला ते आवडायचं की नाही, कधी विचारलं नाही. आपलं शेवटचं भांडणसुद्धा तुम्ही म्हणूनच झालं.

थकलेय गं मी. तुझ्या जाण्याने थकले असं लोकांना वाटतंय, वाटू दे. तू गेलीस त्याच्या आधीपासून थकलेय. साडेपाच वर्षं आपण दोघी एकाच पिशवीला दोन बाजूंनी धरून फिरलो. आता ती एकटीने उचलताना कळतंय, किती जड होती.

लोक दहाव्याला येऊन म्हणत होते, आत्याबाईंनी भाचीला लेकीसारखं सांभाळलं. खरं आहे. पण तू मला कशी मागून आणलीस तेही मला आठवत होतं. बाबा नको म्हणत होते. घरातल्या घरात नको, एवढंच म्हणायचे, कारण सांगायचे नाहीत. तू दोन दिवस आमच्या ओसरीवर बसून राहिलीस, जेवली नाहीस. मामाच्या पोरीवर माझ्या पोराचा पहिला हक्क हाय, म्हणत राहिलीस. शेवटी बाबांनी मान हलवली. मला काही कुणी ढकललं नव्हतं, हेही सांगते. संतोष मला आवडायचा. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत त्याला कायमची नोकरी लागली होती, गावात मोटारसायकलवर यायचा, आणि बाकीच्या पोरांसारखा फुशारक्या मारत नसायचा. मी खुशीत आले तुझ्या घरात.

मग रेणू झाली. पाच वर्षांची होईपर्यंत तिच्यात कुणाला काही खोट दिसली नाही. शाळेत कवायतीला पडायला लागली, तेव्हा बाईंनी वहीत लिहून पाठवलं, मुलगी लक्ष देत नाही. मग पाय फाकवून चालायला लागली. मग हातात ग्लास दिला की पाणी सांडायचं, आणि मी ओरडायचे. तू एके दिवशी गपचूप तिचा ग्लास अर्धाच भरलास. त्या दिवसापासून आपल्या घरात सगळ्यांचेच ग्लास अर्धे भरायचे असं तूच ठरवलंस, म्हणजे तिला वेगळं वाटायला नको. संतोष कामावरून तहानलेला यायचा आणि तीनदा उठून पाणी घ्यायचा. तक्रार नाही केली त्याने कधी.

पहिला दवाखाना आठवतो? लाकडी बाक, भिंतीला हिरवा रंग, आणि आपला नंबर यायला दुपार झाली होती. डॉक्टर पोरगेलासाच होता. त्याने छापील कागद पुढे ओढला आणि एकामागून एक विचारायला लागला. बाळंतपण कसं झालं, रडली का, दूध कधी सोडलं. मी सांगत होते. मग मान वर न करता त्याने विचारलं, नवरा-बायकोचं लग्न नात्यातलं आहे का?

तू म्हणालीस, "न्हाय."

पंगतीत वाढपी आला की आपण ताटावर हात धरून नको म्हणतो, इतक्या पटकन म्हणालीस. रेणू माझ्या मांडीवर होती. मी खाली फरशीकडे बघितलं. फरशीचा एक तुकडा निघालेला होता, तेवढा अजून माझ्या डोळ्यापुढे आहे. डॉक्टरने इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी बारावी झालेली. ती तीन अक्षरं मला वाचता यायची, एन, सी, एम. अर्थ माहीत नव्हता. मला वाटलं दवाखान्याच्या एखाद्या विभागाचं नाव असेल. कुणाला विचारावं असंही कधी सुचलं नाही.

मग फाईल वाढत गेली. दुकानदारासाठी आपण घरी शाळेचे युनिफॉर्म शिवायचो, त्यातल्या उरलेल्या कापडाची मी पिशवी शिवली, एक बाजू खाकी आणि एक निळ्या चौकड्याची, कारण एका रंगाचं कापड पुरलं नाही. पिशवी तुझ्याकडे असायची. वाचता येत नसून तुला कुठला कागद कुठला हे माझ्याआधी कळायचं. चहाचा डाग पडलेला तो रक्ताचा रिपोर्ट, कोपरा दुमडलेला तो डोळ्यांचा, गुलाबी चिठ्ठी बार्शीची. बार्शीचं आठवून अजून हसू येतं. कुणीतरी सांगितलं तिथे एक जण नस बसवतो, म्हणून आपण एसटीने गेलो. त्याने रेणूचा पाय धरून असा काही पिळला की ती किंचाळली. तू त्या माणसाचा हात धरून म्हणालीस, आता तुजी नस बसवू का? आणि तिथून उठवून आणलंस आम्हाला. परतीच्या गाडीत मात्र तू खिडकीकडे तोंड करून रडत होतीस. मी बघितलं नाही असं दाखवलं.

पुण्याला तीनदा गेलो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन तू त्या मोठ्या दवाखान्याच्या जिन्याखाली संसार मांडायचीस आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बायांनाही खाऊ घालायचीस. रेणू तेव्हा आठ वर्षांची, चांगली वजनाची, आणि लिफ्ट बंद असली की तूच तिला पाठीवर घ्यायचीस. मी घेते म्हटलं तर म्हणायचीस, पोरगी असताना मेंढरं खांद्यावर घेऊन ओढे ओलांडलेत मी, हे काय लई न्हाय. तुझी पासष्टी उलटली होती.

तिथले मोठे डॉक्टर जुनी फाईल चाळायचे आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत भराभर सांगायचे. तो लिहून घ्यायचा. आता कळतंय, तो ती तीन अक्षरंही लिहून घ्यायचा. सोलापूरच्या कागदावरून पुण्याच्या कागदावर, पुण्याच्या कागदावरून परत सोलापूरच्या. एकदा लिहिलेलं पुन्हा विचारायला वेळ कुणाकडे होता? दोन ठिकाणी तरी विचारलं होतं, हे मात्र मला आठवतं. दोन्ही वेळा तू न्हाय म्हणालीस. दुसऱ्या वेळी मीही नाही म्हणून मान हलवली. नुसती गप्प नाही बसले, मान हलवली.

का हलवली, ते तुला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, हो म्हटलं तर डॉक्टर म्हणेल, मग काय, तुमच्याच रक्ताचा दोष, आता काय करणार, न्या घरी. नाही म्हटलं तर शोधत राहतील. औषध शोधावं म्हणून मी खोटं चालू दिलं. हा माझा हिशोब होता, आणि मी स्वतःला लई शहाणी समजत होते.

दर वेळी काहीतरी वेगळं नाव निघायचं. एकदा म्हणाले जन्मताना मेंदूला हवा कमी पडली असेल, एकदा म्हणाले ताप डोक्यात गेला असेल. ताकदीची इंजेक्शनं झाली, व्यायामाची माणसं झाली. सहा महिन्यांनी या. परत या. हा रिपोर्ट जुना झाला, नवा काढा. रेणूने भिंत धरली. मग तिची जीभ जड झाली. शाळेत बाकीच्या पोरी तिचं बोलणं ऐकून हसायला लागल्या, तेव्हा तिने शाळेत बोलणंच सोडलं. घरात फक्त तुझ्याशी बोलायची, कारण तुला तिचं बोलणं पहिल्यांदा सांगितलं की कळायचं. मला दोनदा सांगावं लागायचं. आता तू नाहीस, आणि तिला मला तीनदा सांगावं लागतं, आणि तिसऱ्या वेळी ती म्हणते, राहू दे.

सात रस्त्याजवळच्या त्या नव्या बाईडॉक्टरकडे जायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. तूच ओढून नेलंस. पोरगी हितलीच हाय, म्हणालीस, विणकरांच्या घरातली, शिकून आलीय, बघू तर. लहानखुरी बाई, मराठी आपल्यासारखंच बोलणारी, दाराबाहेर तिच्या आईला फोनवर तेलुगूत काहीतरी समजावत होती. आत आल्यावर तिने फाईल उघडलीच नाही. आधी रेणूला चालायला लावलं, स्वतः तिच्यामागे हात पसरून चालली. मग बसली आणि म्हणाली, "आजी, माझी आई माझ्या बाबांची सख्खी भाची आहे. आमच्यात घरोघरी असतं. तुमच्यात?"

तिने विचारलं ते असं, कुठलं गाव तुमचं, असं विचारावं तसं. आत्या, तू चष्मा काढलास. पदराने पुसलास.

"व्हय," म्हणालीस. "ही माझ्या सख्ख्या भावाची लेक. हिचा नवरा माझाच ल्योक."

तेव्हा तिने फाईल उघडली. एकेक कागद उलटत गेली आणि प्रत्येक कागदावर पेनाचं टोक ठेवत गेली. मग मला सांगितलं त्या तीन अक्षरांचा अर्थ. आईबापाचं लग्न नात्यात झालेलं नाही, असा. हे कुणी सांगितलं होतं, विचारलं. तू म्हणालीस, मीच. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली आणि रक्ताच्या एका तपासणीची चिठ्ठी लिहिली, जी साडेपाच वर्षांत कुणी लिहिली नव्हती.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. नंतर पक्कं करायला दुसरा, लांबून आला. रेणूच्या अंगात ई जीवनसत्त्व टिकतच नाही, म्हणून नसा वाळत चालल्यात. दोष आईबापाकडून अर्धा अर्धा येतो, अर्ध्याने कुणाला काही होत नाही, दोन्ही अर्धे एका लेकरात आले की होतं. आणि नात्यात लग्न झालं की तो एकाच आजोबा-आजीकडून दोन्ही वाटांनी येऊ शकतो. तिने कागदावर झाड काढून दाखवलं. त्या झाडाच्या वरच्या गोलात तुझे आईवडील होते. माझे आजी-आजोबा. औषध काय, तर त्याच जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, मोठ्या डोसमध्ये, जन्मभर. त्या पिवळसर कॅप्सूल, ज्या फोडून पोरी तोंडाला लावतात.

संतोषने विचारलं, पाच वर्षांपूर्वी कळलं असतं तर? डॉक्टरने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, धावली नसती कदाचित, पण भिंत धरावी लागली नसती. हेही कदाचितच, नात्याचं कळूनसुद्धा पुष्कळदा चुकतं. आता पुढचं थांबेल. गेलेलं किती परत येईल, बघू.

मेडिकलमधून पट्टी घेतली ती तू रिक्षाभर मुठीत धरून बसलीस. घामाने वरचा कागद ओला झाला.

घरी आलो. पंचावन्न शर्टांचा गठ्ठा पडला होता काज-बटणाचा, शाळा उघडायला थोडे दिवस राहिलेले. संतोष सेकंड शिफ्टला गेला. रेणू झोपली. तू शर्ट घेऊन बसलीस, आणि तुझ्या हातात सुई बघून माझा तोल गेला. इतकं झालं आणि ही बटणं लावतेय, असं वाटलं मला. मी म्हणाले, "आत्या, तुम्ही एक शब्द खोटं बोललात आणि माझ्या पोरीचे पाय गेले."

तू मान वर केली नाहीस. दोरा दाताने तोडलास.

"तू बी तितंच हुतीस की," म्हणालीस.

मला इतका राग आला की मी उठून मोरीत गेले आणि भरलेली बादली ओतून दिली. पाण्याची बोंब असलेल्या गावात मी भरलेली बादली ओतली. परत आले तेव्हा तू पुढचा शर्ट घेतला होतास. तुझं ते वाक्य खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मी त्यानंतर तुझ्याशी धड बोलले नाही.

एकोणीस दिवस, आत्या. जेवा. आंघोळीचं पाणी काढलंय. दार लावून घ्या. याच्यापलीकडे माझ्या तोंडातून काही निघालं नाही. कॅप्सूल जेवणासोबत द्यायची, त्यात तूप-तेल असलं की अंगी लागते, असं डॉक्टरने सांगितलं होतं. तू दोन्ही वेळेला रेणूच्या भाकरीवर इतकं तूप घालायचीस की ती वैतागायची. घोट घेताना तिची हनुवटी धरायचीस. मी चुलीशी, तुम्हा दोघींकडे पाठ करून, हे सगळं ऐकायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तू आपणहून बोललीस. मी मशीनवर होते. म्हणालीस, सोपान्याला बी असंच हुतं. सोपानकाका म्हणजे तुझा आणि बाबांचा धाकटा भाऊ, आम्हाला फोटोतसुद्धा माहीत नसलेला. आम्हाला एवढंच सांगितलं होतं की तो लहानपणी तापाने गेला. तू सांगितलंस की तो सतरा वर्षांचा होऊन गेला, शेवटची सहा वर्षं भिंत धरून चालत होता, आणि रेणू पहिल्यांदा पाय फाकवून चालली त्याच दिवशी तू तिची चाल ओळखलीस. तेव्हा कळलं, बाबा घरातल्या घरात नको का म्हणत होते.

मी मशीन थांबवलं. विचारलं, ओळखलं होतं तर मग न्हाय का म्हणालात?

"वळखलं म्हणूनच न्हाय म्हणले," म्हणालीस. "तुला मीच मागून आणली हुती."

तेव्हा मी उठून तुझ्याजवळ यायला पाहिजे होतं. तुझ्या शेजारी बसून म्हणायला पाहिजे होतं की मी तर मान हलवली होती. मशीन चालू केलं मी. पायाने जोरजोरात चालवत राहिले, म्हणजे तुला अजून काही बोलता येऊ नये.

मग तू गावाला गेलीस. मंगळवेढ्याच्या पुढे आपलं गाव, तुझंही माहेर आणि माझंही. भावाला भेटून येते, म्हणालीस. मला वाटलं रुसून चाललीस, बाबांच्या कानावर माझी गाऱ्हाणी घालायला. जाऊ दे गेली तर, म्हटलं. दोन दिवसांनी परत आलीस, पिशवीभर शेंगा घेऊन. पाय सुजलेले होते. कुठे इतकं चाललात, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. तूही काही सांगितलं नाहीस. पाय कोमट पाण्यात सोडून बसलीस आणि रेणू तिच्या त्या थरथरत्या हातांनी तुझ्या पायावर पाणी ओतत होती, अर्धं बाहेर.

तू गेलीस ती दुपार होती. बाहेर भंगारवाला ओरडत होता. तू भिंतीला टेकून बसली होतीस, मांडीवर शर्ट, हातात दोरा. मी कापड ओढायला वाकले आणि म्हणाले, आत्या, जरा सरका की. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा वैतागूनच म्हणाले. माझ्या तोंडचं तुझ्या कानावर पडलेलं शेवटचं वाक्य ते असेल, किंवा ते तू ऐकलंही नसशील. कुठलं बरं, मला ठरवता येत नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. त्या शर्टाला पाच बटणं लागली होती, दोन राहिली होती. ती मी लावली नाहीत. शर्ट तसाच ठेवलाय, दुकानदाराला एक कमी दिला.

तुझ्यावर माझा राग आहे, आत्या. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण आहे तो आहे. रेणू भिंत धरून संडासला जाते तेव्हा येतो, रोज येतो. आणि त्याच वेळेला हेही आठवतं की त्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधली ती तूच, गाठी मारून मारून, म्हणजे तिला हात ठेवायला जागा व्हावी. मग कुणावर रागवायचं तेच कळत नाही. दोन्ही एकदम होतं. त्यानेच माणूस जास्त थकतं बहुतेक.

हे सगळं मी इथेच थांबवणार होते. पण काल तेराव्याचे लोक गेले, भांडी घासून होत होती, आणि दारात एक बाई उभी राहिली. गावाकडची मंगल, आपल्या भावकीतली सून, मी तिला एखाद्या लग्नात बघितली असेल तेवढीच. सोबत सहा वर्षांची मुलगी. मुलीने आत येताना चौकट धरली. पाय फाकवून उंबरा ओलांडला. आत्या, मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

मंगल म्हणाली, आत्याबाई गेल्याचं कळलं, पण त्यांनीच मला यायला सांगितलं हुतं, म्हणून आले. मग तिने सांगितलं तू त्या दोन दिवसांत काय करत होतीस. भावकीतल्या एकेका घरात गेलीस, वस्तीवरच्या घरांतसुद्धा, चालत. प्रत्येक घरात सुनांना बाहेर बोलावलंस, सासवांच्या देखत. आणि सांगितलंस, डॉक्टरनं नात्याचं इचारलं तर खरं सांगा, मी खोटं बोलले आणि माझ्या नातीचे पाय गेले. दोन घरांत तुला हाकलून लावलं म्हणे. एकीने विचारलं, आता म्हातारपणी कशाला घराण्याची अब्रू घालवताय. तू पुढच्या घरी गेलीस.

मंगलच्या लेकीची फाईल कोरीच होती जवळजवळ, एक-दोन कागद. रेणूचे कागद दाखवायला पिशवी उघडली तेव्हाच तुझा चष्मा सापडला; तो बाजूला ठेवून मी तिचे कागद हातात घेतले. मला तिला तो प्रश्न विचारायचा होता. मी तेच कागद पुन्हा उलटले. शेवटी विचारलं, तुझं लग्न नात्यातलं आहे का गं?

ती खाली बघायला लागली. फरशीकडे. म्हणाली, सासूबाई म्हणत्यात लांबचं सांग.

ती मान, आत्या. मला ती मान माहीत होती. मी तिला विचारलं, माझी आत्या खोटं बोलली हे तुला तिने सांगितलं. मी तेव्हा कुठे होते, ते सांगितलं का?

व्हय की, ती म्हणाली. मी बी इचारलं हुतं, सून काय बोलली न्हाय का म्हणून. तर म्हणाल्या, तिच्या मांडीवर लेकरू रडत हुतं, तिला कायबी ऐकू गेलं न्हाय, तिला बोल लावू नका.

रेणू रडत नव्हती त्या दिवशी. तुला माहीत होतं ते. घरात माझ्या तोंडावर म्हणालीस तू बी तितंच हुतीस, आणि अख्ख्या गावात मला तिथून उठवून बाहेर नेऊन ठेवलंस. सगळं एकटीच्या पदरात घेऊन, सुजल्या पायांनी घरोघर फिरलीस, आणि मी तुला चहासुद्धा विचारला नाही.

मी रडले आत्या, तू गेलीस त्या दिवशी रडले नव्हते इतकं. मंगल घाबरली. तिची पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. आतून रेणूने काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, तिने पुन्हा विचारलं.

मग मी डोळे पुसले आणि मंगलला म्हणाले, आत्याने तुला ते खोटं सांगितलं. पोरगी रडत नव्हती. मला सगळं ऐकू आलं होतं.

व्हय आत्या. मी तितंच हुते.